तांबडा समुद्र, होर्मुझ आणि उद्यमबागेतून निघालेला कंटेनर

प्रश्न थोडक्यात असा. बेळगावात उद्यमबागेत लहान फाउंड्री आहे. बिडाच्या पंप-बॉडी आणि व्हॉल्व्ह-बॉडी बनतात. महिन्याला २० फुटी दोन कंटेनर जातात, एक जर्मनीत हॅम्बर्गला आणि एक दुबईच्या जेबेल अली बंदराला, दोन्ही सौदे सीआयएफ, म्हणजे भाडं आणि विमा विक्रेत्यानं भरायचे. विमा एजंट म्हणतो, "ऑल रिस्क आहे, निर्धास्त राहा." तांबड्या समुद्रात किंवा इराणजवळच्या होर्मुझच्या सामुद्रधुनीत पुन्हा युद्धाचा भडका उडाला तर माल बुडेल का, पैसे अडकतील का? आणि दुबईची एक नवी पार्टी आगाऊ पैसे देऊन मशीनिंग केलेले पार्ट मागते आहे, ती धरावी का?

माल बुडण्याची भीती आधी बाजूला ठेवा. १९ नोव्हेंबर २०२३ रोजी येमेनच्या हुथी बंडखोरांनी तांबड्या समुद्रात 'गॅलेक्सी लीडर' हे जहाज पळवलं. तेव्हापासून त्या पट्ट्यात शंभरावर जहाजांवर हल्ले झाले. त्यांत बुडाली ती मोजकी: मार्च २०२४ मध्ये 'रुबीमार', जूनमध्ये 'ट्यूटर', जुलै २०२५ मध्ये 'मॅजिक सीज' आणि 'इटर्निटी सी'. ही चारही सुटा माल वाहणारी बल्क जहाजं होती. खलाशांचे जीव गेले, हे विसरता येत नाही. पण कंटेनरमध्ये माल भरणाऱ्याला फटका बसतो तो तारखांचा आणि कागदांचा, आणि उशिरामुळे झालेलं नुकसान कोणतीच नेहमीची पॉलिसी भरून देत नाही. पुढचं सगळं उत्तर याच एका गोष्टीभोवती आहे.

उशीर किती, ते हिशेबानं बघा. मुंबई ते रॉटरडॅम सुएझमार्गे साधारण ६,३०० सागरी मैल, केप ऑफ गुड होपला वळसा घातला तर १०,७०० च्या आसपास. फरक ४,४०० मैलांचा. जहाज १६ नॉटनं चाललं तर दिवसाला ३८४ मैल, म्हणजे साडेअकरा दिवस जास्त. हॅम्बर्गसाठीही फरक तेवढाच. सिंगापूरहून निघणाऱ्याला हा वळसा साडेतीन हजार मैलांच्या आत पडतो, आपल्याला जास्त पडतो, कारण सुएझ आपल्याला त्यांच्यापेक्षा जवळ आहे. बंदरातली गर्दी, रद्द झालेल्या फेऱ्या आणि कोलंबोला जहाज बदलण्याचा वेळ धरून दोन ते तीन आठवडे पकडा.

आता पैशाचं गणित. एका कंटेनरमध्ये ३० लाखांचा माल आणि व्याज १० टक्के धरलं, तर १४ दिवसांचं व्याज होतं साडेअकरा हजार रुपये. हे सोसवतं. सोसवत नाही ते दुसरंच: महिन्याला दोन कंटेनर जात असतील आणि दोन्हींची फेरी दोन आठवड्यांनी लांबली, तर कायमचा एक कंटेनर जादा पाण्यावर राहतो. म्हणजे तीसेक लाखांची कॅश क्रेडिटची (बँकेच्या खेळत्या कर्जाची) मर्यादा अडकून बसते आणि पिग आयर्नवाल्याचं (कच्चं लोखंड देणाऱ्याचं) बिल थकतं. कित्येकदा धंदा नफ्यात असूनही महिनाअखेरीला ओढाताण होते ती यामुळे. संकट आल्यावर नव्हे, आधीच बँकेकडे पॅकिंग क्रेडिटची (माल पाठवण्याआधी मिळणाऱ्या निर्यात कर्जाची) मुदत वाढवून मागा. जहाजमार्ग बदलल्याचं शिपिंग लाइनचं पत्र सोबत जोडलं की बँकेलाही फाइल पुढे सरकवायला सोपं जातं.

सीआयएफबद्दल बेळगाव-कोल्हापूर पट्ट्यात एक गैरसमज घट्ट बसलेला आहे: "माल हॅम्बर्गला पोचेपर्यंत जोखीम आपली." तसं नाही. सीआयएफमध्ये न्हावा शेवाला माल जहाजावर चढला की जोखीम खरेदीदाराची होते. खर्च मात्र शेवटच्या बंदरापर्यंत तुमचा. युद्धकाळात हे सर्वांत वाईट मिश्रण ठरतं, कारण वाढतो तो खर्चच. भाडं कंटेनरमागे १,००० डॉलरचं ४,००० झालं आणि डॉलर ८५ रुपये धरला, तर अडीच लाखांवर वाढ तुमच्या माथी. ३० लाखांच्या मालावर ती साडेआठ टक्के होते. कास्टिंगच्या धंद्यात एवढा नफा उरतो का, ते तुम्हीच सांगा.

यावर दोन वाटा आहेत. पहिली, सौदा एफसीएवर न्या, म्हणजे खरेदीदाराच्या वाहतूकदाराकडे माल सोपवेपर्यंतच जबाबदारी तुमची. कंटेनरच्या मालाला एफओबीपेक्षा (माल जहाजावर चढेपर्यंत जबाबदारी तुमची) एफसीए बरा, कारण कंटेनर यार्डात सोपवला की तुमची जबाबदारी संपते. जहाज चार दिवस उशिरा लागलं तरी ती डोकेदुखी तुमची नाही. दुसरी, पार्टी सीआयएफच हवा म्हणत असेल तर कोटेशनमध्ये एक ओळ घाला: "भाडं कोटेशनच्या तारखेला कंटेनरमागे अमुक डॉलर धरलं आहे, त्यावरची वाढ, युद्ध-अधिभार आणि आकस्मिक अधिभार खरेदीदाराकडे." रक्कम आकड्यात लिहा. "प्रचलित दराप्रमाणे" असं मोघम लिहिलंत तर वाद ठरलेलाच. कोटेशनची मुदतही १५ दिवसांवर आणा. ८ मार्च २०२२ ला युक्रेन युद्धाच्या धक्क्यानं निकेल टनामागे एक लाख डॉलरच्या वर गेलं आणि लंडनच्या धातू बाजारानं व्यवहारच थांबवले. मिश्रधातूची कास्टिंग करणाऱ्यांनी महिनाभराची कोटेशनं दिली असतील तर काय झालं असेल, ते वेगळं सांगायला नको.

"युद्ध झालं की फोर्स मेज्यूर लागू, आपण मोकळे" या समजुतीवरही विसंबू नका. फोर्स मेज्यूर म्हणजे आवाक्याबाहेरच्या संकटात करारातून सूट देणारं कलम. १९५६ च्या नोव्हेंबरात सुएझ कालवा बंद पडला, तेव्हा सुदानच्या शेंगदाण्याचा हॅम्बर्गपर्यंतचा सीआयएफ सौदा पुरा न करणाऱ्या विक्रेत्यानं हाच बचाव केला होता. हे त्साकिरोग्लू प्रकरण पार हाउस ऑफ लॉर्ड्स या तेव्हाच्या ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि १९६१ मध्ये निकाल विक्रेत्याच्या विरुद्ध लागला: केपचा रस्ता उघडा होता, लांब आणि महाग पडला म्हणून करार अशक्य झाला असं म्हणता येत नाही. बरेच निर्यात करार इंग्लिश कायद्याखाली असतात, त्यामुळे हा निकाल आजही आडवा येतो. म्हणून फोर्स मेज्यूरच्या कलमात नुसतं "युद्ध" लिहून भागत नाही. "नेहमीचा मार्ग बंद होणं, शिपिंग लाइननं फेरी रद्द करणं किंवा मार्ग बदलणं" हे शब्द हवेत, आणि तसं झाल्यास मुदत आपोआप किती दिवस वाढेल तेही हवं. शिवाय करारातली डिलिव्हरीची तारीख म्हणजे माल वाहतूकदाराकडे सोपवल्याची तारीख, हॅम्बर्गला पोचल्याची नव्हे, हे स्पष्ट लिहा. उशिराचा दंड लावणाऱ्या जर्मन पार्टीशी सारी रस्सीखेच याच ओळीवर होते.

आता विमा. इथे जास्त वेळ द्या, कारण "ऑल रिस्क" हे नाव फसवं आहे. मालाच्या विम्याची इन्स्टिट्यूट कार्गो क्लॉज (ए) ही सर्वांत रुंद अटमालिका, पण तिच्यातूनही युद्ध वगळलेलं आहे आणि संप-दंगलही. त्या दोन्हींसाठी इन्स्टिट्यूट वॉर क्लॉजेस आणि इन्स्टिट्यूट स्ट्राइक्स क्लॉजेस वेगळे जोडावे लागतात. इन्कोटर्म्स २०२० या सौद्याच्या अटींच्या आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे सीआयएफमध्ये विक्रेत्यावर बंधन आहे ते फक्त क्लॉज (सी) एवढ्या किमान विम्याचं. युद्धाचं कव्हर खरेदीदारानं मागितलं तरच, आणि तेही त्याच्या खर्चानं. म्हणजे कोणीच मागितलं नाही तर ते नाही. पॉलिसीचं शेवटचं पान काढा आणि हे दोन क्लॉज नावानिशी लिहिलेत का ते बघा. एजंटच्या व्हॉट्सॲप मेसेजला दाव्याच्या वेळी किंमत नसते.

सीआयएफ किमतीच्या ११० टक्के विमा धरला तर ३० लाखांवर ३३ लाख. युद्धाचा दर ०.०५ टक्के लागला तर १,६५० रुपये, भडक्याच्या काळात दहापट झाला तरी १६,५०० रुपये. इथे काटकसर करू नका. मात्र दर उडण्याआधी वर्षभरातल्या सगळ्या खेपांना लागू होणारी ओपन पॉलिसी घेऊन ठेवलेली बरी. तीत विमा कंपनीला ७ दिवसांची नोटीस देऊन युद्धाचं कव्हर काढता येतं, पण नोटीस लागू होण्यापूर्वी ज्या मालावर कव्हर सुरू झालं त्याचं ते काढून घेता येत नाही. नोटीस आली की बंदरात पडलेला माल त्या ७ दिवसांत जहाजावर चढतो का, हा पहिला प्रश्न.

युद्धाचं कव्हर फक्त पाण्यावर असतं. माल समुद्री जहाजावर चढला की सुरू, शेवटच्या बंदरात उतरला की बंद. उतरायला उशीर झाला तर जहाज पोचल्याच्या मध्यरात्रीपासून १५ दिवसांनी बंद. मधल्या बंदरात जहाज बदलायचं असेल तर तिथेही १५ दिवसच. त्यानंतर कव्हर थांबतं आणि पुढच्या जहाजावर चढल्यावर पुन्हा जोडलं जातं. कोलंबो किंवा ओमानच्या सलालाला कंटेनर तीन आठवडे पडून राहिला, तर मधला आठवडा युद्धाच्या जोखमीपुरता उघडा असतो. म्हणून बुकिंग करताना थेट जहाजाला शंभर-दोनशे डॉलर जास्त पडत असतील तरी ते घ्या, आणि ट्रान्सशिपमेंट असेल तर कंटेनर कुठे आहे हे रोज बघा. १५ पैकी १० दिवस उलटले की विमा कंपनीला मेल करून मुदतवाढ विचारा. मिळाली तर जादा प्रीमियम लागेल, नाही मिळाली तरी लेखी उत्तर हाती राहील.

जमिनीवर युद्धाचं कव्हर नसलं तरी स्ट्राइक्स क्लॉजेस जमिनीवर चालतात. आपल्या भागाला हे उपयोगी आहे. ६ डिसेंबर २०२२ ला सीमाप्रश्नाच्या तणावात हिरेबागेवाडीजवळ महाराष्ट्राच्या ट्रकांवर दगडफेक झाली होती. तशा दिवशी कारखाना ते न्हावा शेवा या पाचशेच्या आसपास किलोमीटरांत मालाला इजा झाली, तर हाच क्लॉज कामाला येतो. पण ट्रक कोगनोळीच्या सीमा-नाक्यावर अडकून जहाज चुकलं तर तो उशीर, आणि उशिराला पैसे नाहीत. गेट बंद व्हायच्या वेळेआधी किमान ४८ तास कंटेनर यार्डात पोचेल असं भरणीचं वेळापत्रक ठेवा.

जनरल ॲव्हरेज हा प्रकार फार जणांना बिल आल्यावरच कळतो. जहाज वाचवण्यासाठी मुद्दाम केलेला खर्च किंवा सोसलेलं नुकसान जहाजमालक आणि सगळे मालधनी यांच्यात किमतीच्या प्रमाणात वाटलं जातं. तुमच्या कंटेनरला ओरखडाही नसला तरी तुमचा हिस्सा निघतो, आणि हमी दिल्याशिवाय माल सुटत नाही. मार्च २०२१ मध्ये सुएझमध्ये अडकलेल्या 'एव्हर गिव्हन'वर हेच झालं. विमा असेल तर विमा कंपनी हमीपत्र देते. नसेल तर रोख अनामत. प्रसंग युद्धामुळे आला असेल तर वॉर क्लॉजेस जोडलेले असणं इथेही महत्त्वाचं.

जेबेल अलीचा मुद्दा वेगळा आहे. ते बंदर होर्मुझच्या आत आहे. सामुद्रधुनी अडली की वळसा घालायला केपसारखा दुसरा रस्ताच नाही. संयुक्त अरब अमिरातीचीच खोर फक्कान आणि फुजैरा ही बंदरं मात्र बाहेरच्या अंगाला, ओमानच्या आखातावर आहेत, ओमानचं सोहारही तसंच. खोर फक्कानहून दुबई ट्रकनं सव्वाशे-दीडशे किलोमीटर. सोहारला उतरवलं तर मध्ये देशाची सीमा आणि कस्टम येतं. बिल ऑफ लेडिंगच्या (शिपिंग लाइन देते त्या मालपावतीच्या) मागच्या बारीक अक्षरांत शिपिंग लाइनला अधिकार असतो, की धोका वाटल्यास माल जवळच्या सुरक्षित बंदरात उतरवून प्रवास संपला असं जाहीर करायचा. पुढचा ट्रक, साठवण, डिटेन्शन (कंटेनर अडकवून ठेवल्याचा आकार) हे सगळं मालधन्यावर. असं झालं की नेहमीचा मालविमाही तिथेच संपतो. चालू ठेवायचा असेल तर कळताक्षणी विमा कंपनीला कळवून मागणी करावी लागते. तो मेल आठवड्यानं पाठवून उपयोग नाही. एलसीमध्येही (पार्टीच्या बँकेनं दिलेल्या पैशाच्या हमीत) उतरणीचं बंदर "जेबेल अली" ऐवजी "संयुक्त अरब अमिरातीतलं कोणतंही बंदर" असं पहिल्यापासून मागून घ्या.

एलसीबद्दल बाकी थोडक्यात. शेवटची शिपमेंट तारीख माल तयार होण्याच्या तारखेपासून निदान ३० दिवस पुढे हवी, कारण बुकिंग पक्कं असूनही कंटेनर पुढच्या जहाजावर ढकलला जातो. कागद शिपमेंटपासून २१ दिवसांत आणि एलसीची मुदत संपण्याआधी बँकेत पडले पाहिजेत. "सुएझमार्गे" किंवा "अमुक तारखेपर्यंत पोचलंच पाहिजे" अशी अट दिसली तर दुरुस्ती आल्याशिवाय माल हलवू नका. जहाज अमुक देशाच्या बंदराला लागणार नाही, असं प्रमाणपत्र आखाती एलसीत मागतात. ते शिपिंग लाइननं द्यायचं, तुम्ही स्वतःच्या लेटरहेडवर देऊ नका. आणि यूसीपी ६०० या एलसीच्या आंतरराष्ट्रीय नियमांचं कलम ३६ ध्यानात ठेवा: युद्धामुळे बँकेचं कामकाज बंद पडलं आणि त्या काळात एलसीची मुदत संपली, तर बँक पुन्हा उघडल्यावर त्या एलसीवर पैसे देणार नाही. अशांत देशाच्या बँकेची एलसी असेल तर भारतातल्या बँकेचं कन्फर्मेशन, म्हणजे पैसे देण्याची तिची स्वतःची हमी, घ्या.

पार्टीच्या देशात युद्ध झालं, परकीय चलन बाहेर पाठवायला बंदी आली किंवा पार्टीच बुडाली, तर त्यासाठी ईसीजीसी, म्हणजे निर्यातीच्या पैशांचा विमा देणारी सरकारी कंपनी. ती मालाचा विमा नाही. समुद्रात बुडालेल्या मालाचे पैसे ती देत नाही, कारण ते काम साध्या विमा कंपनीचं. दोन्ही लागतात. ईसीजीसीचे दावे फेटाळले जाण्याचं एक नेहमीचं कारण: थकबाकी वेळेत कळवलेली नसते. पार्टी "पुढच्या आठवड्यात देतो" म्हणत राहते, संबंध बिघडू नयेत म्हणून आपण गप्प बसतो आणि मुदत जाते. निर्यातीचे पैसे आणण्याची मुदत रिझर्व्ह बँकेनं नोव्हेंबर २०२५ मध्ये ९ महिन्यांवरून १५ महिने केली, ती सवलत ईसीजीसीच्या मुदतींना आपोआप लागू होत नाही.

भडका उडाल्याची बातमी आली की टीव्ही बंद करून एक तक्ता करा: कंटेनर क्रमांक, जहाज, सध्याची जागा, सौद्याची अट, वॉर क्लॉज आहे की नाही, मूळ बिल ऑफ लेडिंगचे तीनही संच कोणाकडे, पैसे आले की नाही. तीनही मूळ संच तुमच्या किंवा तुमच्या बँकेच्या हातात असतील तर बंदर बदलायची किंवा माल परत फिरवायची विनंती तुम्ही करू शकता. ते शिपिंग लाइनला सरेंडर करून (परत देऊन) बसलात तर चावी पार्टीकडे गेली. बातमीसाठी शिपिंग लाइनच्या सूचना, ब्रिटिश नौदलाच्या यूकेएमटीओचे इशारे आणि लंडनच्या विमा बाजारातल्या जॉइंट वॉर कमिटीची धोकादायक क्षेत्रांची यादी पुरेशी. प्रीमियम ठरतो तो त्या यादीवरून, चर्चेच्या आवाजावरून नाही.

युरोपच्या मालाला आणखी एक कागद लागू शकतो. शिपिंग बिलावरचा एचएस कोड (मालाचा कस्टम वर्गीकरण क्रमांक) बघा. गटाराच्या झाकणासारखं साधं कास्टिंग ७३२५ मध्ये जातं, पंपाचा ओळखू येणारा भाग ८४१३ मध्ये. अध्याय ७२-७३ मधल्या यादीतल्या मालात रशियन लोखंड वापरलेलं नाही, याचा पुरावा युरोपीय संघ ३० सप्टेंबर २०२३ पासून मागतो. कोप्पळ-होस्पेटकडून पिग आयर्न घेत असाल तर अडचण नाही, पण मिल टेस्ट सर्टिफिकेट हीट नंबरप्रमाणे (वितळणीच्या क्रमांकाप्रमाणे) लावून ठेवा. तीन महिन्यांनी शोधायला गेलात तर सापडत नाही.

राहिली दुबईची नवी पार्टी. आगाऊ पैसे म्हणजे सुरक्षित सौदा, हे निर्बंधांच्या काळात खरं राहिलेलं नाही. २०२२ नंतर अमेरिका, युरोपीय संघ, ब्रिटन आणि जपान यांनी मिळून ५० एचएस कोडांची यादी केली आहे. रशियाच्या शस्त्रांत सापडणाऱ्या वस्तूंची ती यादी. तीत चिप तर आहेतच, पण बॉल आणि रोलर बेअरिंगचे काही कोड, विमानाचे भाग आणि सीएनसी यंत्रंही आहेत. म्हणजे हत्तरगी, मच्छे, उद्यमबाग या पट्ट्याच्या अगदी जवळचा माल. ३० ऑक्टोबर २०२४ ला अमेरिकेनं जाहीर केलेल्या निर्बंधांत भारतीय कंपन्याही होत्या. डॉलरचे व्यवहार न्यूयॉर्कच्या बँकांतून जातात, म्हणून नाव यादीत आलं की पैसे यायचे थांबतात, आणि जुन्या चांगल्या पार्ट्याही हात आखडतात. अमेरिकेचा नियम ५० टक्के मालकीचा आहे: पार्टीचं नाव यादीत नसलं तरी तिची निम्मी किंवा जास्त मालकी यादीतल्यांकडे असेल तर तीही बंदच. म्हणून ट्रेड लायसन्ससोबत भागधारकांची यादी मागा.

शंका कधी घ्यायची? कंपनी २०२२ नंतर स्थापन झालेली, पैसे तिसऱ्याच देशातल्या तिसऱ्याच नावानं येणार, माल पोचवायचा पत्ता फॉरवर्डरच्या गोदामाचा, ड्रॉइंगमधल्या टॉलरन्सवर एकही प्रश्न नाही, कास्टिंगवरचा तुमचा मार्क काढून टाका अशी मागणी, बिल ऑफ लेडिंग दुबईत बदलून द्या असा आग्रह. यांतली एखादी गोष्ट निर्दोष असू शकते. दोन-तीन एकत्र आल्या तर सोडून द्या.

आपला स्वतःचा कायदाही आहे. परकीय व्यापार महासंचालनालयाच्या (डीजीएफटी) स्कोमेट यादीत नागरी आणि लष्करी अशा दुहेरी वापराच्या वस्तू येतात, परवान्याशिवाय त्या पाठवता येत नाहीत. साध्या बिडाची पंप-बॉडी तीत नाही, पण तीव्र रसायनांना दाद न देणाऱ्या विशिष्ट मिश्रधातूंचे पंप आणि व्हॉल्व्ह येतात. पार्टीनं पॅटर्न तोच ठेवून धातू बदलायला सांगितलं, तर त्याच दिवशी यादी उघडा. वस्तू यादीत नसली तरी ती संहारक शस्त्रांसाठी वापरली जाईल असं तुम्हाला ठाऊक असेल किंवा तशी शंका घ्यायला कारण असेल, तर परवाना लागतो.

या पार्टीला अंतिम वापरकर्त्याचं प्रमाणपत्र, वापराचं ठिकाण आणि पुनर्निर्यात न करण्याची हमी मागा, पैसे तिच्याच नावाच्या खात्यातून यावेत अशी अट घाला आणि ऑर्डर स्वीकारण्याआधी हे कागद बँकेला दाखवा. आठवडाभरात कागद आले तर पहिली ऑर्डर एका पॅलेटची घ्या. तुम्ही युरोपातून सीएनसी मशीन आणणार असाल तर हे आणखी जपा: माल पुढे रशियात जाऊ न देण्याचं कलम मार्च २०२४ पासून तिथल्या विक्रेत्याला अशा यंत्रांच्या करारात घालावंच लागतं, आणि त्याखाली सही तुमची असते.